हायवे ९९ ची हवा

फ्रीमाँटहून लॉस एंजेलिसला जायचं म्हटलं की आपण मंडळी डोळे मिटून पाच नंबरचा फ्रीवे धरतो. साडेपाच-सहा तास सरळ रेघ. कोलिंगाजवळ गाईगुरांचा वास आला की काचा वर करायच्या, मध्ये एकदा पेट्रोल भरायचं, डब्यातल्या पुऱ्या खायच्या आणि संध्याकाळी नातेवाइकांच्या दारात हजर. कॅलिफोर्नियाचं फळाफळावळीचं कोठार या रस्त्याच्या डाव्या हाताला पसरलेलं असतं. या देशात बावीस वर्षं काढूनही ते मी यंदाच पाहिलं, आणि तेही बाबांमुळे.

बाबा ७८ वर्षांचे. चंद्रपूरच्या एका शाळेत ३४ वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. इथे आले की पहिला आठवडा झोपेच्या घोळात जातो आणि मग घरात जो कागद सापडेल तो ते वाचून काढतात. औषधांच्या बाटल्यांवरची पत्रकंसुद्धा. यंदा त्यांच्या हाती माझ्या कपाटातला एक निबंध लागला. २०२० च्या धुराच्या दिवसांत ऑफिसमधल्या कुणीतरी तो आम्हा सगळ्यांना पाठवला होता. मी छापून ठेवला होता, कारण विषय गमतीदार होता. उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात नाशपाती खोक्यात भरणारे कामगार आणि बाहेरची हवा, यांचा एकमेकांशी काय संबंध?

चँग, ग्राफ झिविन, ग्रॉस आणि नाइडेल हे त्याचे चार लेखक, सगळे अर्थतज्ज्ञ. २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांनी केलं ते इतकंच. कारखान्यातल्या प्रत्येक कामगाराने दररोज किती माल भरला, याची नोंद मजुरीसाठी ठेवलेली होतीच. ती त्यांनी घेतली आणि त्या त्या दिवशी बाहेरच्या हवेत सूक्ष्म कण किती होते, त्या आकड्यांशेजारी मांडली. हे कण म्हणजे पीएम २.५, अडीच मायक्रोमीटरपेक्षा लहान. माणसाचा केस याच्या तीसेक पट जाड असतो. एवढे बारीक कण बंद दारंखिडक्यांना जुमानत नाहीत. आत येतात, फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, तिथून रक्तातही उतरतात. निष्कर्ष असा, की हवेच्या दर घनमीटरमागे हे कण १० मायक्रोग्रॅमने वाढले की कामगाराचं काम सुमारे ६ टक्क्यांनी घटतं. सरकारने घालून दिलेल्या मर्यादेच्या खालच्या हवेतसुद्धा.

बाबांनी पेन्सिल घेऊन सगळं वाचलं. समासात दोन-तीन प्रश्नचिन्हं काढली. मग म्हणाले, "हे बरं केलं. नगावर मजुरी आहे, म्हणून काम मोजलेलं आहे. तुमच्या ऑफिसात काय मोजतील?"

"आमचंही मोजतात बाबा. पण कशाने कमी-जास्त झालं ते कुणी विचारत नाही."

"आणि हा कारखाना कुठं आहे?"

"नाव दिलेलं नाही."

"मग जिथं नाशपाती होते तिथूनच जाऊ न. सरळ रस्त्यानं जाऊन काय पाहाचं?"

मावसबहिणीकडे नॉर्थरिजला जायचं ठरलेलंच होतं. नवऱ्याने नकाशा उघडला, लेकीने तोंड वाकडं केलं, आणि शनिवारी, २६ जुलैला सकाळी आम्ही निघालो. बाबा पहाटे चारपासून जागे होते. जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांच्या बुद्धिबळ विश्वचषकाची अंतिम लढत चालू होती आणि नागपूरची दिव्या देशमुख कोनेरू हंपीसमोर बसली होती. पहिला डाव बरोबरीत सुटला. "आपली पोरगी आहे," असं बाबा गाडीत बसताना दोनदा म्हणाले. नागपूर ते चंद्रपूर दीडशे किलोमीटर आहे, पण परदेशात तेवढं अंतर कुणी धरत नाही.

सॅक्रामेंटो नदीचा डेल्टा आमच्या घरापासून दीड-दोन तासांवर आहे आणि तिथे गेलेलं मराठी कुटुंब माझ्या पाहण्यात एकही नाही. अँटिऑकचा उंच पूल ओलांडला की १६० नंबरचा रस्ता थेट नदीच्या बांधावरून चालतो. एका बाजूला संथ पाणी, दुसऱ्या बाजूला, पाण्याच्याही खालच्या पातळीवर, बागा. आयल्टन, वॉलनट ग्रोव्ह, मग लॉक. लॉक हे १९१५ साली चिनी लोकांनी वसवलेलं लाकडी गाव. हे बांध घालायला राबलेले, या बागांत राबलेले हेच लोक, पण त्या काळच्या कायद्याने त्यांना जमीन विकत घेता येत नव्हती; गाव उभं राहिलं ते भाड्याच्या जागेवर. कललेल्या दुमजली घरांच्या गल्लीत बाबा बराच वेळ रेंगाळले. पुढे कोर्टलँड. तिथे दरवर्षी जुलैच्या शेवटच्या रविवारी नाशपातीची जत्रा भरते. गर्दी टाळायची म्हणून आम्ही एक दिवस आधी गेलो होतो. झाडं फळांनी लगडलेली होती. रस्त्याकडेच्या टपरीवरून आम्ही एक पिशवी घेतली. बार्टलेट जातीची हिरवी नाशपाती झाडावर पिकत नाही, तोडून घरी ठेवायची तेव्हा पिकते, असं विकणाऱ्या बाईंनी सांगितलं. लेकीने तरी एक चावलीच.

हवा स्वच्छ, आकाश निळं. बाबांनी मला विचारलं, "इथं कुठं आहे तुझं प्रदूषण?"

त्या निबंधाचं सारं म्हणणं नेमकं इथेच आहे. तो कारखाना काही दिल्लीत नव्हता. धुरकट म्हणावं असं काही डोळ्यांना दिसतही नसेल. कामगार खोकत नव्हते, सुट्ट्या घेत नव्हते. त्यांचे कामाचे तासही घटले नव्हते. आले, उभे राहिले, दिवसभर खोकी भरली, फक्त थोडी कमी भरली. उन्हाचा परिणाम असेल, म्हणून लेखकांनी तापमान वगळून पाहिलं. ओझोनशी ताडून पाहिलं, तर त्याचा फरक जवळपास नाही, कारण ओझोन वायू इमारतीत शिरेपर्यंत बराचसा विरतो. कण शिरतात. आपण आजारी आहोत हे माणसाला कळण्याच्या कितीतरी आधी त्याचे हात मंदावतात, आणि पगार नगावर असेल तर ते पाकिटात दिसतं. महिन्याचा ठरलेला पगार असणाऱ्या आपल्यासारख्यांच्या चिठ्ठीवर ते कधीच उमटत नाही. म्हणून आपल्याला वाटतं, आपलं काही गेलंच नाही.

याच चौघांनी देशभराचा एक ढोबळ हिशोबही मांडलाय. १९९९ ते २००८ या काळात अमेरिकेतले हे कण जेवढे घटले, त्यातून मजुरीच्या खर्चात १९.५ अब्ज डॉलर वाचले. बाबांनी या वाक्यासमोर सर्वांत मोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं. एका कारखान्यावरून अख्खा देश कसा काढता, हा त्यांचा मुद्दा. लेखकांनीही तो पाठकोऱ्या कागदावरचा हिशोब म्हणूनच दिलाय, हे मी दाखवलं तेव्हा थोडे शांत झाले.

ट्विन सिटीज रोडने पूर्वेला गॉल्टपर्यंत आलं की ९९ नंबर लागतो. इथून खाली बेकर्सफील्डपर्यंत सॅन वाकीनचं खोरं. लोडाय, स्टॉकटन, मोडेस्टो, मर्सेड, फ्रेस्नो, अशी गावामागून गावं. द्राक्षं, बदाम, संत्री, टोमॅटो. आपल्या घरातले बदाम बहुतेक इथलेच असतात, भारतात दिवाळीला भेट म्हणून जातात तेसुद्धा. पण दुपार चढू लागली तसं आकाश बदललं. निळ्याचं पांढुरकं झालं, पांढुरक्याचं फिकट तपकिरी. डाव्या हाताला सिएरा नेवाडाची दहा-बारा हजार फुटांची रांग असायला हवी. दिसतच नव्हती. "पाहाड कुठं गेले?" बाबा विचारत होते. लेकीने फोनवर नकाशा दाखवला. पहाड होते जागेवरच.

हे खोरं म्हणजे एक लांबट परात आहे. पश्चिमेला किनाऱ्याचे डोंगर, पूर्वेला सिएरा, दक्षिणेला तेहाचापी. वारं आत यायला वाट आहे ती उत्तरेकडून, आपल्या खाडीतून आणि डेल्टातून. ते आत येतं, दक्षिणेकडे सरकतं आणि डोंगराला अडून थांबतं. येताना खाडीभोवतालच्या आपल्या गाड्यांचा धूरही घेऊन येतं. त्यात इथली भर: ९९ वरचे मालट्रक, ट्रॅक्टर, दुभत्या जनावरांचे गोठे, शेतातली धूळ, तेलविहिरी. अमेरिकन लंग असोसिएशन दरवर्षी शहरांची यादी काढते. वर्षभराच्या कणांच्या यादीत बेकर्सफील्ड आणि फ्रेस्नो कित्येक वर्षं वरच्या क्रमांकांवर आहेत. सॅन फ्रान्सिस्कोत "आज हवा किती छान आहे" असं आपण म्हणतो, तेव्हा ती छान हवा कुणाच्या अंगणातून पुढे जाते ते पाहायचं तर फ्रेस्नोला यावं.

रात्री तिथेच मुक्काम केला. जेवायला पंजाबी ढाब्यावर गेलो. या खोऱ्यात शंभरएक वर्षांपूर्वीपासून शीख शेतकरी आहेत. दाल मखनी उत्तम होती आणि बाबांना ढाब्यावर हिंदी बोलता आल्याचा फार आनंद झाला.

रविवारी डिलेनोवरून गेलो. मळे रिकामे होते, वेलींच्या रांगांमध्ये फक्त सावलीच्या छत्र्या आणि खोक्यांच्या चळती. इथेच सप्टेंबर १९६५ मध्ये द्राक्षं तोडणाऱ्या फिलिपिनो मजुरांनी संप पुकारला आणि पाठोपाठ सीझर चावेझ यांची संघटना त्यात उतरली. पाच वर्षं चाललेला तो लढा मजुरीसाठी, माणूस म्हणून वागवण्यासाठी होता. शेतावर फवारल्या जाणाऱ्या विषांचा मुद्दाही त्यात पुढे आला. हवेचा हिशोब नंतर आला. ग्राफ झिविन आणि नाइडेल याच दोघांनी मध्य खोऱ्यातल्या एका मोठ्या शेतावरची २००९ आणि २०१० ची नोंद तपासली. ब्लूबेरी आणि द्राक्षं, मजुरी पुन्हा तोडलेल्या मालावर. उघड्यावरचं काम असल्याने इथे ओझोन महत्त्वाचा. गाड्यांच्या धुरातले वायू कडक उन्हात शिजले की जमिनीलगत ओझोन तयार होतो, दुपारी सर्वांत जास्त. त्याचं प्रमाण अब्ज भागांत १० भागांनी वाढलं की मजुराच्या तोडणीत साधारण साडेपाच टक्क्यांची घट. आणि हेही त्या वेळच्या सरकारी मर्यादेच्या खूप खाली.

"आपल्याकडं कापूस वेचणी किलोवरच असते," बाबा म्हणाले. नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत.

कॅलिफोर्नियाने २०१९ साली एक नियम केला. वणव्याच्या धुराने हवेचा निर्देशांक १५१ वर गेला की उघड्यावर काम करणाऱ्यांना मालकाने मास्क द्यायचे, जमल्यास काम हलवायचं. चांगला नियम आहे. पण तो दिसणाऱ्या धुराचा आहे. १५१ च्या खाली जे काही जातं ते मजुराच्या खात्यावर.

दिसणाऱ्या धुरावरून आठवलं. ९ सप्टेंबर २०२० चा नारिंगी दिवस आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. सकाळी दहाला दिवे लावून मीटिंगला बसलो होतो, आणि मुलं खिडकीतून मंगळासारखं आकाश पाहत होती. सगळ्यांनी फोटो काढले, भारतात पाठवले, भारतातून काळजीचे फोन आले. गंमत अशी, की त्या दिवशी जमिनीलगतची हवा तितकी वाईट नव्हती. धूर वर होता आणि खाली समुद्रावरचा थंड थर होता. खरी खराब हवा त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत खाली उतरली, तेव्हा रंग साधा करडा होता आणि फोटो कुणी काढले नाहीत. १८ ऑगस्टपासून १६ सप्टेंबरपर्यंत सलग ३० दिवस खाडीभर हवेचा इशारा लागू होता. त्या ३० दिवसांत आपण काय विचार केले, कोणते निर्णय घेतले, मुलं घरी बसून पडद्यावर काय शिकली, याची नोंद कुणाकडे आहे?

मेंदूचं काम नगावर मोजता येत नाही म्हणून संशोधकांनी निरनिराळ्या युक्त्या लढवल्या आहेत. नवऱ्याला आवडते ती बेसबॉलच्या पंचांची. चेंडू पट्ट्यात होता की बाहेर, हे पंचाने सांगायचं आणि कॅमेऱ्याने तपासायचं. हवेत १० मायक्रोग्रॅम कण वाढले की पंचांच्या चुका २.६ टक्क्यांनी वाढलेल्या आढळल्या. (त्याची बाजू हरली की आता तो आधी त्या दिवशीची हवा बघतो.) हार्वर्डच्या जोसेफ ॲलन यांनी सिरॅक्यूजच्या एका प्रयोगशाळेत २४ कचेरीकरांना सहा दिवस नेहमीचं काम करायला बसवलं आणि त्यांना न सांगता खोलीतली हवा बदलत गेले. रोज संध्याकाळी विचारशक्तीची चाचणी. ताज्या, शुद्ध हवेच्या दिवशी गुण नेहमीच्या बंद कचेरीतल्या हवेच्या दुप्पट. एवढा मोठा फरक इतक्या थोड्या लोकांत आढळला म्हणून मी स्वतः जरा हात राखूनच घेते. पण त्याच गटाने पुढे भारतासह सहा देशांतल्या तीनशेवर कचेरीकरांना त्यांच्याच टेबलाशी मोजलं, तेव्हाही कण वाढले की उत्तरं संथ आणि चुकीची होतात, असंच दिसलं.

बाबांना भावला तो बुद्धिबळाचा. जर्मनीत स्पर्धेच्या हॉलमध्ये हवेची यंत्रं ठेवून हजारो चाली संगणकाकडून तपासून घेतल्या. कण जास्त तेव्हा चुकीच्या चाली जास्त, आणि घड्याळाची घाई असेल तेव्हा आणखी जास्त. रविवारचा डावही बरोबरीत सुटला होता, त्यामुळे सोमवारी जलद डाव होणार होते. "बाटुमी समुद्राकाठी आहे न? हवा बरी असेल," असं म्हणून त्यांनी स्वतःची समजूत घातली. सोमवारी पहाटे मावसबहिणीच्या दिवाणखान्यात आम्ही सगळे फोनवर डोकं खुपसून बसलो होतो, दिव्या जिंकली. १९ व्या वर्षी विश्वचषक आणि त्यासोबत ग्रँडमास्टर किताब. बाबांनी सहा वाजता शिरा करायला लावला.

लॉस एंजेलिसची हवा हा एक वेगळा ग्रंथ आहे. थोडक्यात सांगते. २६ जुलै १९४३ रोजी शहरावर इतका दाट, डोळे झोंबणारा धूर उतरला, की जपानने विषारी वायू सोडला असं लोकांना वाटलं. दोष कृत्रिम रबरासाठी बुटाडीन बनवणाऱ्या एका कारखान्याला दिला गेला. तो बंद केला तरी धूर तसाच. कोडं सोडवलं ते पॅसाडीनाच्या कॅलटेकमधले डच रसायनशास्त्रज्ञ आरी हागन-स्मिट यांनी. हा माणूस अननसाच्या वासाचा अभ्यास करत होता. ज्या उपकरणात अननसाचा सुगंध गोठवायचा त्यातच त्याने शहराची हवा गोठवली, आणि गाड्यांचा धूर अधिक ऊन म्हणजे हा धूर, हे दाखवून दिलं. तेल कंपन्यांनी त्याला खोटं ठरवायचा प्रयत्न केला, त्यावर तो चिडला आणि अननस सोडून याच कामाला लागला. पुढे राज्याच्या हवा मंडळाचा पहिला अध्यक्ष झाला. आज शहरात गाड्या कितीतरी पट आहेत आणि हवा १९५० च्या दशकापेक्षा कितीतरी बरी आहे. हे नियमांनी झालं, आपोआप नव्हे.

आम्हाला मात्र पोर्टर रँच पाहायचं होतं. मावसबहिणीच्या घरापासून दहा मिनिटांवर, डोंगराच्या पायथ्याशी नीटनेटकी, महागडी वस्ती. मागच्या आलिसो कॅन्यनमध्ये जमिनीखाली नैसर्गिक वायूचा साठा आहे. २३ ऑक्टोबर २०१५ ला तिथल्या एका विहिरीतून गळती सापडली आणि ती बंद व्हायला फेब्रुवारी उजाडला. हजारो कुटुंबं घर सोडून गेली, दोन शाळा हलवाव्या लागल्या. पालकांच्या भीतीपोटी पाच मैलांच्या आतल्या सगळ्या शाळांत, खोलीगणिक हवा गाळणारी यंत्रं बसवली. आणि मग तपासणीत दिसलं, की शाळांतल्या हवेत गळतीचा वायू मुळी नव्हताच. म्हणजे यंत्रं गाळत होती ती लॉस एंजेलिसची रोजची हवा. मायकेल गिलरेन या अर्थतज्ज्ञाने पाच मैलांच्या किंचित आतल्या आणि किंचित बाहेरच्या शाळांचे निकाल ताडून पाहिले. यंत्रांच्या शाळांत गणित आणि इंग्रजीचे गुण प्रमाण विचलनाच्या सुमारे एक-पंचमांशाने वर. वर्गातली मुलं एक तृतीयांशाने कमी केली तर जेवढा फायदा अपेक्षित धरतात, साधारण तेवढा.

"किती शाळा?" बाबांचा पहिला प्रश्न.

"मोजक्याच."

"मग एका वर्षाच्या निकालावर मी काही बोलणार नाही."

काही संख्याशास्त्रज्ञांनी नेमकी हीच शंका घेतली आहे. आकडा इतका मोठा नसेलही. पण दिशा तीच असल्याचं दुसरीकडूनही दिसतं. फ्लोरिडात एक अभ्यास झाला. मोठ्या रस्त्यापासून सारख्याच अंतरावर, पण एक वाऱ्याच्या वरच्या बाजूला आणि एक खालच्या, अशा शाळा निवडल्या. तेच मूल वरच्या शाळेतून खालच्या शाळेत गेलं की त्याचे गुण घसरतात, गैरहजेरी वाढते. मूल तेच, घर तेच, पालकही तेच. बदलला तो वारा. आणि वणव्याच्या धुराचा देशभर हिशोब केलेल्या दोघांनी मांडलंय, की एकट्या २०१६ सालच्या धुराने या मुलांच्या पुढच्या आयुष्यातल्या कमाईतून १.७ अब्ज डॉलर कमी झाले. प्रत्येक मुलामागे शंभरच्या वर डॉलर. त्यातला मोठा वाटा गरीब वस्त्यांच्या शाळांनी सोसला.

फ्लोरिडाचं ऐकून बाबा पोर्टर रँचच्या त्या शांत रस्त्यावर उभेच राहिले. म्हणाले, "आमच्या शाळेत 'ड' तुकडीच्या खोल्या रस्त्याकडं होत्या."

चंद्रपूर ज्यांनी पाहिलंय त्यांना 'रस्ता' म्हणजे काय ते सांगायला नको. कोळशाचे ट्रक रांगेने, त्यावर ताडपत्री असली तर असली. भोवती खाणी, वीज, सिमेंट, कागद. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची क्रमवारी लावली, त्यात चंद्रपूर चौथं होतं, १०० पैकी ८३.८८. माझ्या लहानपणी वाळत घातलेले पांढरे कपडे संध्याकाळी झटकून घ्यायचे, हा घराघरातला रिवाज होता. 'अ' आणि 'ब' च्या खोल्या आत, अंगणाकडे, कडुनिंबाखाली. 'ड' मध्ये पोरं कोणती जायची आणि कशी जायची हे सांगायला नको. आधीच मागे पडलेली, रस्त्याकडेच्या वस्तीतली. वर्षाच्या शेवटी 'ड' चा निकाल कमी लागायचाच, आणि कारण सगळ्यांना माहीत असायचं. बाबा त्या तुकडीला मुद्दाम गणित मागून घ्यायचे, हे मला आईने सांगितलेलं. भारताची वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे. अमेरिकेने २०२४ साली ती १२ वरून ९ वर आणली. जागतिक आरोग्य संघटना ५ म्हणते. नाशपातीच्या कारखान्यात १० च्या फरकाने ६ टक्के जातात, तर 'ड' च्या बाकावर काय जात असेल, हा हिशोब बाबांनी मांडला नाही. मीही विचारला नाही. असे आकडे एका गावावरून दुसऱ्या गावावर सरळ उचलून ठेवता येत नाहीत, हे त्यांनीच मला शिकवलंय.

घरी परतल्यावर त्यांनी नातीला हाताशी धरून एक उद्योग केला. चौकोनी खोक्याचा पंखा, चार बाजूंना मर्व १३ दर्जाचे चार फिल्टर, खाली पुठ्ठा, सगळ्याला चिकटपट्टी. २०२० साली रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेनथल या दोघांनी ही जोडणी लोकप्रिय केली. खर्च शंभर डॉलरच्या आत. बाबांनी पाहताक्षणी सांगितलं, "हा तर कूलर आहे." विदर्भातल्या कुणालाही तसंच वाटेल, फक्त वाळ्याच्या ताट्यांच्या जागी फिल्टर आणि पाण्याची टाकी नाही. आपली रविवारची मराठी शाळा फ्रीवेला लागून भरते, तिथल्या एका वर्गात तो ठेवला आहे. थोडा आवाज करतो, त्यामुळे बाराखडी मोठ्याने म्हणावी लागते. बाकीच्या तीन वर्गांसाठी पैसे जमले आहेत. फिल्टर वेळोवेळी बदलायला मात्र कुणीतरी जबाबदारी घ्यायला हवी आहे.

एक यंत्र घरीही घेतलं, कण मोजणारं, तळहाताएवढं. त्याने पहिला धक्का दिला तो वणव्याचा नव्हे, चकलीचा. परवा पहिल्याच घाण्याला आकडा नारिंगी दिवसांच्या वर गेला. आपल्या अनेक घरांत ओट्यावरचा पंखा हवा बाहेर टाकतच नाही, जाळीतून फिरवून परत तोंडावर सोडतो. फराळ तळताना खिडकी उघडी ठेवा, बाहेरची हवा बरी असेल तर. मुलांचा गृहपाठ त्या वेळी दुसऱ्या खोलीत.

बाबा सप्टेंबरमध्ये परत गेले. जाताना तसलंच एक यंत्र नेलं. त्यांच्या शाळेचे आत्ताचे मुख्याध्यापक त्यांचेच विद्यार्थी आहेत, त्यामुळे परवानगी लगेच मिळाली. रस्त्याकडच्या खोलीत एक दिवस, अंगणाकडच्या खोलीत एक दिवस, असं आलटून पालटून ते यंत्र ठेवतात आणि जुन्या गुणपत्रकांच्या वहीत आकडे लिहितात. मी फोनवर रोज विचारते, किती आला. सांगत नाहीत. इतक्या थोड्या दिवसांच्या आकड्यांवर बोलायचं नसतं, सहामाहीचे पेपर तपासून होऊ दे, म्हणतात.